दुपारी दीडचा टीजी

ठाण्याला चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं. कार्यक्रम संध्याकाळी, पण आम्ही घरच्या बायका सकाळपासूनच तिथे, कुणी ओटीचं सामान लावतंय, कुणी वाडीची फुलं ओवतंय, कुणाच्या ब्लाऊजचं हूक तुटलंय. जेवणं उरकली आणि मोठ्या काकूने सवयीने दीडच्या ठोक्याला टीव्ही लावला, स्टार प्रवाह, आवाज अगदी बारीक. सोफ्याच्या कडेला बसून तिचं ओवणं चालूच होतं, अर्धी नजर सुईवर, अर्धी टीव्हीवर. पुरणपोळ्या करायला बोलावलेल्या मावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या आणि काकूला म्हणाल्या, "काल सांगितलं का हो तिने खरं?" काकू म्हणाली, "कुठलं, दारापर्यंत आली आणि परत गेली." दोघी एकदमच चक् करून हळहळल्या. तेवढ्यात बहिणीची एक मैत्रीण, ती जाहिरातींच्या मीडिया प्लॅनिंगमध्ये आहे, अगदी सहज म्हणाली, "काकू, तुम्ही दुपारचा स्लॉट बघता? त्याचा टीजी तुम्ही नाही हो, तो खालच्या एसईसीसाठी असतो, कामवाल्या बायका वगैरे." मुलगी चांगली आहे, कुणाला दुखवावं म्हणून बोलली नाही, ऑफिसात रोज जे बोलतात तेच इथे बोलली. काकूने पटकन रिमोट उचलला. "छे गं, मी कुठे बघते, चालू असतो नुसता," म्हणाली आणि टीव्ही बंद. मावशी एक शब्दही न बोलता आत वळल्या.

ते बटण दाबणं माझ्या डोक्यातून जाईना.

काकूला लाज वाटली ती मालिका बघण्याची नव्हती. त्याच चॅनेलची रात्री आठची मालिका, रिमोट हाती लागेल त्या दिवशी, ती मोकळेपणाने बघते, फोनवर त्याबद्दल तासभर बोलते. लाज वाटली ती दुपारची. आणि त्याहून जास्त, दारात उभ्या असलेल्या बाईबरोबर एकाच खान्यात टाकलं गेल्याची. आणि मावशींना काय वाटलं असेल? त्यांच्यासमोर, त्यांच्याबद्दल, त्या तिथे नाहीतच असं धरून एक वाक्य बोललं गेलं, आणि ज्या बाईशी त्या मिनिटापूर्वी बरोबरीने गप्पा मारत होत्या तिने तडकाफडकी ती बरोबरी मोडून टाकली.

टीजी म्हणजे टार्गेट ग्रुप, आता हा शब्द सगळ्यांनाच माहीत झालाय. आणि एसईसी म्हणजे घराचा सामाजिक-आर्थिक वर्ग. पण ही वर्गवारी नक्की कशावर होते ते बघितलं की मला फार अस्वस्थ व्हायला होतं. बरीच वर्षं जी पद्धत वापरतात तिच्यात घराला दोन प्रश्न असतात. घरातला जो मुख्य कमावणारा त्याचं शिक्षण किती, आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीज, सिलिंग फॅन, गॅस, टू-व्हीलर, कलर टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. झालं. यावरून तुम्ही ए की बी की डी ते ठरतं. टीव्ही ज्यांच्यासाठी चालू असतो असं सगळे म्हणतात त्या बाईला स्वतःबद्दल एकही प्रश्न नाही. काकू मराठी घेऊन बीए झालेली आहे, पण तिचा वर्ग ठरला काकांच्या पदवीवर आणि घरातल्या वस्तूंवर. पोळ्या करणाऱ्या मावशींचा नवरा रिक्षा चालवतो, तीही रोज नाही, घर मावशींच्या लाटण्यावर चालतं. पण उद्या कुणी कागद घेऊन दारात आलं आणि विचारलं की मुख्य कमावणारं कोण, तर मावशी नवऱ्याचंच नाव सांगतील याबद्दल मला अजिबात शंका नाही. आता म्हणे नवी पद्धत आणतायत, तिच्यात घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या बाईचं शिक्षणही धरतात. चांगलंच आहे ते. पण इतकी वर्षं ‘गृहिणी’ हा शब्द प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये मिरवत होता आणि ती स्वतः कोण हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

माझी दुपारच्या टीव्हीची पहिली आठवण डोंबिवलीच्या चाळीतली आहे. मे महिना, खिडकीला ओला टॉवेल, खाली शहाळेवाल्याची हाक, आणि आईच्या मांडीवर कुणाची तरी साडी. आई फॉल-बिडिंग करायची. मध्ये मध्ये दाताने दोरा तोडायचा तो कट् असा आवाज, पंख्याची घरघर आणि टीव्ही. १९९४ ला दूरदर्शनवर ‘शांती’ आली, मंदिरा बेदीवाली, दुपारची आणि रोजची. रोज गोष्ट पुढे जाणं हेच तेव्हा नवीन होतं, आठवड्यातून एकदा बघायची सवय असलेल्या बायका पहिल्या महिन्यात अक्षरशः दमल्या असतील. दुसऱ्या वर्षी ‘स्वाभिमान’. दोन्हीकडे भलेमोठे बंगले, सिनेमावाले, उद्योगपती, त्यांच्या इस्टेटी, त्यांची लपवलेली पापं. आणि बघणारे कोण तर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या, कुणी तांदूळ निवडतंय, कुणी शेंगा सोलतंय, कुणाच्या मांडीवर पोर झोपलंय. हात रिकामे असलेली बाई मी त्या खोलीत एकही बघितल्याचं आठवत नाही.

आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या बाईंचं शेवटचं घर आमचं. हात धुवून त्या उंबऱ्याशी बसायच्या, आत नाही आणि बाहेरही नाही. आजी कॉटवर, आई आणि शेजारणी चटईवर, आणि त्या फरशीवर, दाराला पाठ टेकून. त्यांचा चहा खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपात, ते तेव्हा सगळ्यांच्याच घरी होतं आणि कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं, म्हणजे आम्हाला वाटत नव्हतं. पण टीव्ही सुरू झाला की एक गंमत व्हायची. आजीला हिंदी येत नव्हतं, आईला जेमतेम. बाई मात्र उल्हासनगरला सिंधी लोकांकडे बरीच वर्षं राहून काम केलेल्या, त्यांना फाडफाड हिंदी यायचं. मग त्या तिकडून, उंबऱ्यावरून, आजीला सगळं मराठीत सांगायच्या. तो काय म्हणाला, ती का रडली, तिचा बाप खरा कोण. आजी सारखी मागे वळून विचारायची, "आता काय म्हणाला गं?" आणि बाई हात वर करून म्हणायच्या, "थांबा आजी, ऐकू द्या." त्या अर्ध्या तासात आजीला गप्प बसवायचा अधिकार अख्ख्या चाळीत फक्त त्यांना होता. मालिका संपली की त्या आपला कप आपणच विसळायच्या आणि निघायच्या. पुढे सह्याद्रीवर ‘दामिनी’ सुरू झाली, प्रतीक्षा लोणकरची, तीही दुपारचीच आणि अस्सल मराठी. आता आजीला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. बाई तरी यायच्या, तशाच बसायच्या, पण आता त्या नुसत्या बघायच्या. मला लहान असूनही ते थोडं वाईट वाटलं होतं.

आणि गॅलरीत एक काका असायचे. गिरणीत होते ते, १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यातले, नंतर परत घेतलंच नाही. मग कुठे वॉचमन, कुठे पार्सलवाले, रात्रपाळी असली की दुपारी घरी. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. ते आमच्या खिडकीबाहेर स्टूल टाकून बसायचे, हातात पेपर, पण नजर गजांमधून आत. आईने कितीदा सांगितलं असेल की भाऊ आत या, बसा नीट. "नको वहिनी, तुमचं चालू द्या," म्हणायचे. दुपारी घरी असणं हाच पुरुषाला डाग होता, त्यात बायकांची मालिका बघणं म्हणजे तर विचारूच नका. कुठलंही संशोधन त्यांना प्रेक्षक म्हणून धरणार नाही, आणि त्यांनी स्वतःही स्वतःला धरलं नसतं. पण स्वाभिमानमधल्या इस्टेटीच्या भांडणात वकील चुकला की खिडकीबाहेरून हमखास "अरेरे" ऐकू यायचं.

दुपार ही कायम कुणीतरी कुणासाठी तरी ठरवलेली वेळ आहे. सरकारने ठरवली तेव्हा ती विद्यार्थ्यांसाठी होती. १५ ऑगस्ट १९८४ ला यूजीसीचं ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झालं, छोट्या गावातल्या कॉलेजच्या मुलांपर्यंत चांगलं शिक्षण पोचावं म्हणून, आणि होतं इंग्रजीत. मला ते अंधुक आठवतं, कुणीतरी पेशींबद्दल बोलतंय, मायक्रोस्कोपमधलं काहीतरी हिरवं हलतंय आणि आई मान वर करून म्हणतेय, "किती सुंदर आहे नाही ते." तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती पूर्ण बघायची. त्या कार्यक्रमाच्या टीजीमध्ये ती नव्हती. नंतर बाजाराने दुपार ठरवली तेव्हा मात्र ती होती, साबणासाठी, तेलासाठी, मसाल्यासाठी. आईला पेशी दाखवणारे दुपारी परत कधी आले नाहीत. साबणवाले राहिले.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे की दुपारी बाई मोकळी असते. हे कुणी ठरवलं मला खरंच कळत नाही. सरकारच्याच २०१९ च्या वेळवापर पाहणीत, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आलंय, पुरुष ९७. पाच तास, बिनपगारी, आणि ज्या बाहेर काम करतात त्यांचं ते वेगळंच. दुपारी दीड ही वेळ मोकळी नसते, ती दोन कामांच्या मधली असते. सकाळची धुणीभांडी संपलेली आणि संध्याकाळच्या पोळ्या सुरू व्हायच्यात. मुलं शाळेतून यायचीयत, नळाला पाणी यायचंय. त्यात बाई अर्धा तास काढते आणि तोही हात चालू ठेवून.

मराठी चॅनेलवर कितीतरी वर्षं दुपारी काय असायचं तर काल रात्रीचे भाग. पुनःप्रक्षेपण. आम्ही त्याला शिळं म्हणायचो. ते शिळं कोण बघायचं याचा विचार मी फार उशिरापर्यंत केला नाही, कुणीच केला नसावा. संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे ऐन प्राइम टाइममध्ये, आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या घरी दुसरी बाई पोळ्या लाटत असते. तिचा कुकर, तिचा तवा, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मालिका, तिला नुसता आवाज येतो, बॅकग्राऊंड म्युझिक चढलं की कळतं काहीतरी झालं. ते काय झालं हे बघायला तिला दुसऱ्या दिवसाची दुपार लागते. म्हणजे एकाच गोष्टीचे दोन प्रेक्षक, एक रात्री बघणारा आणि एक त्याच्यासाठी रात्री स्वयंपाक करणारा. यात आवडीनिवडीचा, दर्जाचा काय संबंध? ती तीच मालिका बघतेय. फक्त तिची संध्याकाळ तिची नाही. आणि स्वतःच्याच घरात पोळ्या लाटणाऱ्या काकूसारख्या कितीतरी बायकांचीही ती नाही, संध्याकाळी रिमोट बातम्यांकडे नाहीतर क्रिकेटकडे असतो. म्हणूनच मला त्या दिवशी इतकं लागलं. काकू आणि मावशी एकाच कारणासाठी दुपारी बघत होत्या.

चॅनेलवाल्यांना हे कळत नाही असं नाही, पैशाच्या हिशोबात चांगलंच कळतं. स्टार प्लसने २०१७ मध्ये दुपारसाठी वेगळ्या हिंदी मालिका आणल्या होत्या, एप्रिलमध्ये सुरू केल्या आणि दिवाळीच्या आत गुंडाळल्या. तेव्हा सगळे म्हणाले दुपार संपली, सगळे मोबाईलवर गेले. मग २०२२ च्या सुरुवातीला स्टार प्रवाहने दुपारी एकला ‘लग्नाची बेडी’ आणि दीडला ‘मुरांबा’ आणली आणि त्या चालल्या, पुढच्या वर्षी झी मराठीनेही दुपारी नव्या मालिका आणल्या. कितीतरी वर्षांनी मराठी बाईला दुपारी परत ताजं मिळालं. मला याचं खूप अप्रूप वाटलं होतं. शिळं नाही, कालचं नाही, तुमच्या वेळेला तुमच्यासाठी लिहिलेलं.

तसंच ते दूरदर्शनच्या फ्री डिशचं. आमच्या मागच्या वस्तीत पत्र्यांवर छोट्या छोट्या डिश दिसतात, एकदा पैसे भरले की महिन्याचं भाडं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या नेटवर्कनी आपली हिंदी मनोरंजनाची चॅनेल्स तिथून काढून घेतली, ‘दंगल’ नावाचं चॅनेल त्या रिकाम्या जागेत देशात पहिल्या नंबरवर जाऊन बसलं आणि वर्षभराने हे सगळे मुकाट परत आले. आता तिथे मराठी चॅनेल्सही असतात. ज्या प्रेक्षकाला खालचा म्हणतात तो गेला की वरच्यांचं गणित कोसळतं.

पण मान काही मिळत नाही. दुपारच्या जाहिराती बघा. एकेकाळी एकसारखी यंत्रं आणि कवचं विकली जायची, हे घरात लावा, कर्ज फिटेल, मुलगा पास होईल, नवऱ्याची दारू सुटेल. अर्धा अर्धा तास, ओळखीचे नट, गहिवरलेल्या बायका. आमच्या बिल्डिंगमध्ये झाडलोट करणाऱ्या ताईंनी असलं एक यंत्र हप्त्याने घेतलं होतं, मुलीच्या लग्नासाठी. पितळी पत्र्याचा तुकडा, लाल कापडात गुंडाळलेला, मला उघडून दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अर्धा विश्वास आणि अर्धा संकोच होता. २०२१ च्या जानेवारीत औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं की दैवी शक्तीचा दावा करून अशा वस्तू टीव्हीवर विकणं आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, दाखवणाऱ्या चॅनेलवरही जबाबदारी आहे. मला तेव्हा फार बरं वाटलं. आणि रागही आला, कारण रात्री नऊला, घरातले शिकलेले पुरुष समोर असताना, हे कधी विकलं नव्हतं. दुपारी विकलं. दुपारी कुणी विचारणारं नसतं असं धरून.

मालिकांमध्येही तेच. बंगला असतो, अंगण असतं, आणि एक मदतनीस असते जी ट्रे घेऊन येते, "ताईसाहेब, चहा" म्हणते आणि जाते. मी मुद्दाम बघायला लागले तर ती कधीच बसत नाही. अख्ख्या मालिकेत तिला कुणी बसवत नाही, तिला घर नाही, तिचा नवरा, तिची पोरं, तिची दुपार काही नाही. नायिका गरीब असते बऱ्याचदा, हो, पण ती लग्न करून बंगल्यात येण्यापुरतीच गरीब. ज्या बाईला तुमचा टीजी म्हणता तिला तिच्याच गोष्टीत चहाच्या ट्रेपुरतं ठेवलंय, हे लिहिणाऱ्यांना खुपत कसं नाही? मला तर वाटतं उल्हासनगरच्या घरात हिंदी शिकलेल्या त्या बाईंवर, त्यांनी उंबऱ्यावरून बघितलेल्या चार घरांच्या भानगडींवर, हजार भाग सहज निघतील.

आमच्याकडे आता ज्या येतात त्या तिशीतल्या आहेत, सातवीपर्यंत शिकलेल्या, कानात इअरफोन घालून भांडी घासतात. मी एकदा विचारलं की मोबाईलवरच बघत असाल ना आता सगळं, कधीही. त्या म्हणाल्या नाही, मोबाईलवर गाणी, दीडची मालिका घरी जाऊन टीव्हीवरच, सासूबरोबर, जेवता जेवता. सासूशी तेवढाच वेळ भांडण होत नाही. बी विंगमधल्या एका घराचं काम त्यांना एकला होतं. त्या मॅडमना त्यांनी सरळ सांगितलं, ही वेळ मला जमणार नाही, मी अडीचनंतर येईन. मॅडम चिडल्या, सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की आता बायका सिरीयलसाठी कामाच्या वेळा बदलायला लागल्यात, खाली वीस हसऱ्या इमोजी. आमच्याकडच्या त्या बाईंनी ते घर सोडायची तयारी ठेवली होती, पगारासकट. पंधरा दिवस त्या मॅडमनी दुसरी बाई शोधली, मिळाली नाही, मिळाली ती पाचशे जास्त मागत होती. आता ह्या तिथे पावणेतीनला जातात.